वृद्धाश्रमात राहणाऱ्यांचे कायदेशीर हक्क: कोल्हापुरात कोणता अर्ज कुठे, कसा द्यायचा

आक्कांच्या उशाखाली साडीच्या दुकानातली एक जाड पिशवी असते. आत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि २०१६ साली मुलाच्या नावे करून दिलेलं घराचं बक्षीसपत्र. मुलगा पुण्यात. आश्रमाचे पैसे तीन महिने थकले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "केस करायची म्हंजे पुण्याला फेऱ्या मारायला लागणार न्हवं? ह्या गुडघ्यांनी मला फाटकापर्यंत जाववत न्हाई."

पुण्याला जायची काहीच गरज नव्हती. आक्का कोल्हापुरात राहतात, म्हणून अर्जही कोल्हापुरातच चालतो. ही एक ओळ त्यांना कुणी आधी सांगितली असती तर तीन महिन्यांची झोप उडाली नसती.

मी आश्रमात जाते ती अर्ज लिहून द्यायला. तिथं बसल्यावर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. राहायला आलेल्या माणसाला वाटतं, आता आपण कुणाच्या तरी उपकारावर आहोत. मग तो पावती मागत नाही, नियम विचारत नाही, आपलंच आधार कार्ड परत मागायला संकोचतो. कायदा या माणसाकडे तसं बघत नाही. त्याचे हक्क काय आहेत आणि ते कोल्हापुरात कुठल्या टेबलावर जाऊन मागायचे, ते इथं क्रमानं लिहिते.

आधी ओळखा: तुम्ही राहता ती जागा नेमकी काय आहे?

तक्रार कुठं करायची हे यावरून ठरतं. आपल्याकडं 'नर्सिंग होम' म्हटलं की छोटा दवाखाना डोळ्यांपुढं येतो, आणि कायद्यातही तोच अर्थ आहे. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागेला महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिथं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. तुमच्या आश्रमात झोपून असलेले रुग्ण, सलाईन, नर्स असा कारभार असेल, तर या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा.

बाकीचे आश्रम साधारण तीन तऱ्हेचे. काही सरकारी किंवा अनुदानित, त्यांचा संबंध समाजकल्याण खात्याशी. काही सार्वजनिक विश्वस्त संस्था चालवतात. त्यांची नोंदणी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असते आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावे लागतात. उरलेले खाजगी, महिन्याचे पैसे घेऊन चालणारे. तिथं राहणारा माणूस ग्राहक असतो आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याच्या बाजूला उभा असतो. पावतीच्या वरच्या कोपऱ्यात संस्थेचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. नसेल तर दाखल होण्याआधीच विचारा.

दाखल होताना

या दिवशी घरचे लोक घाईत असतात. रिक्षा बाहेर उभी असते, डोळ्यांत पाणी असतं, आणि कार्यालयातला माणूस चारपाच कागद पुढं सरकवतो, "इथं सही करा, इथं आणि इथं." याच कागदांवर पुढची वर्षं चालणार असतात, म्हणून रिक्षावाल्याला थांबू द्या आणि कागद वाचा.

त्यात महिन्याची रक्कम आणि ती किती दिवसांनी, किती वाढणार हे लिहिलेलं हवं. त्या रकमेत काय येतं आणि काय येत नाही तेही. औषधं, डायपर, रात्रीची मावशी, दवाखान्यात न्यायची गाडी यांचे पैसे बहुतेकदा वेगळे लागतात आणि वादही तिथंच होतात. अनामत रक्कम किती, परत कधी मिळणार, माणूस गेला तर कुणाला मिळणार, हे ठळक असू दे. 'अनामत परत मिळणार नाही' अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी दोन दिवस मागून घ्या. जेवणाचंही विचारा. कोल्हापूरच्या माणसाला जन्मभर रविवारच्या रश्शाची सवय असते. आश्रम पूर्ण शाकाहारी असेल तर ते आधी कळलेलं बरं. आत गेल्यावर कळलं की माणूस जेवण टाकतो आणि आपल्याला वाटतं त्याची तब्येत बिघडली.

सही राहणाऱ्या व्यक्तीची स्वतःची हवी. मुलानं एकट्यानं सही करून आई-वडिलांना सोडून जाणं योग्य नाही. शुद्धीत असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय कुठं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही, पोटच्या पोरालाही नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. आणि मूळ कागद कार्यालयात ठेवायचे नाहीत. आधार, पासबुक, पेन्शनची ऑर्डर, घराचे उतारे यांच्या झेरॉक्स द्या आणि प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त आश्रमात दाखल होण्यासाठी' असं लिहून तारीख टाका. कराराची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

आत राहताना

सगळ्यात आधी दार. शहाणीसुरती, चालती-फिरती व्यक्ती बाहेर जायचं म्हणत असेल तर तिला कोंडून ठेवता येत नाही. 'नातेवाइकांनी सांगितलंय, सोडू नका' हे कारण कायद्यापुढं टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री फाटकाला कुलूप लावणं, जाताना वहीत नोंद करायला सांगणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती रास्तच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला एकट्याला रस्त्यावर सोडावं असंही कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्यासाठी सोबतीला माणूस, नजर ठेवणारी मावशी, हातात नाव-पत्त्याचा पट्टा असे उपाय असतात. पलंगाला बांधणं हा उपाय नाही. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं साफ मनाई केली आहे.

पैसा. पेन्शन ज्याची त्याची. एटीएम कार्ड आणि त्याचा पिन आश्रमाकडं देऊ नका, मुलाकडं देतानाही विचार करा. हात थरथरतात, सही जुळत नाही, म्हणून लोक कार्ड देऊन टाकतात. त्यापेक्षा बँकेत जाऊन अंगठ्याची सोय करून घ्या, ती साक्षीदारांसमोर करता येते. सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच बँक सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. आश्रमाचा पत्ता हाच तुमचा पत्ता, हे शाखेत लेखी कळवा. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. आश्रमात एखादा तरुण कार्यकर्ता येत असेल तर अर्ध्या तासात चारपाच जणांचं काम होतं.

फोन, टपाल, भेटायला येणारी माणसं यांवर बंदी घालता येत नाही. भेटीच्या वेळा ठरवता येतात, कोणी कुणाला भेटायचं ते ठरवता येत नाही. थोरल्या मुलानं सोय केली म्हणून धाकट्या मुलीला फाटकावरून परत पाठवायचं, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. आईला मुलगी हवी होती आणि ती खिडकीतून हाका मारत होती. अशा वेळी आईनं एका कागदावर लिहून द्यावं, 'माझी मुलगी मला केव्हाही भेटू शकते', खाली सही, आणि तो कागद व्यवस्थापकाला देऊन पोच घ्यावी. त्या दिवशी आम्ही हेच केलं आणि त्यानंतर फाटक बंद झालं नाही.

आणि फोटो. वाढदिवस साजरे करायला लोक आश्रमात येतात. केक कापतात, केळी वाटतात, आणि प्रत्येक आजीच्या हातात केळं देऊन तिच्याबरोबर फोटो काढतात. संध्याकाळी तो फोटो शंभर ग्रुपवर फिरतो. यातल्या कितीतरी जणांनी आपण आश्रमात आहोत हे गावाकडं सांगितलेलं नसतं. एक आण्णा फोटोच्या वेळी दरवेळी संडासात जाऊन बसायचे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये सांगितलं. तो हक्क आण्णांनाही आहे. 'माझा फोटो काढायचा नाही' एवढं म्हणायला कारण द्यावं लागत नाही. देणगीदारांनो, केळी द्या, बसून बोला, फोन खिशात राहू द्या.

मुलं खर्च देत नसतील तर

इथं थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त अर्ज याच कामाचे असतात.

कायद्याचं नाव, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे आणि राज्याचे नियम २०१० चे आहेत. चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी. ज्यांचं स्वतःच्या उत्पन्नात किंवा मालमत्तेत भागत नाही, त्यांना मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्याकडून तो मागता येतो. सून आणि जावई सध्या यात येत नाहीत. आई-वडिलांना साठ वर्षं पूर्ण असण्याचीही अट नाही. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडं तुमची मालमत्ता आहे किंवा तुमच्यामागं जाणार आहे, त्या नातेवाइकाकडं मागता येतो.

पेन्शन मिळते म्हणून हक्क जात नाही. समजा, पेन्शन सात हजार आहे आणि आश्रमाचा व औषधांचा मिळून खर्च तेरा हजार. तर वरच्या सहा हजारांसाठी अर्ज करा.

अर्ज प्रांत कचेरीत जातो. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, हेच या न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. शहरातल्या आणि करवीर तालुक्यातल्या आश्रमांसाठी करवीर प्रांत. इचलकरंजी, गडहिंग्लज वगैरे भागांना आपापला प्रांत आहे. कलम ६ प्रमाणे तुम्ही राहता तिथं, आधी राहत होता तिथं किंवा मुलगा राहतो तिथं, यातलं कुठलंही ठिकाण चालतं. स्वतः जाता येत नसेल तर तुम्ही लेखी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था तुमच्या वतीनं अर्ज करू शकते.

अर्ज साध्या मराठीत लिहा. मी साधारण असा लिहिते:

"प्रति, मा. पीठासीन अधिकारी, चरितार्थ न्यायाधिकरण तथा उपविभागीय अधिकारी, करवीर. विषय: अधिनियम २००७ च्या कलम ५ अन्वये चरितार्थाचा खर्च मिळणेबाबत. मी (नाव), वय ७४, (तारीख) पासून (आश्रमाचे नाव व पत्ता) येथे राहते. माझे दरमहा उत्पन्न रुपये ... आहे. आश्रम व औषधे मिळून खर्च रुपये ... आहे. माझा मुलगा (नाव, घरचा पत्ता, नोकरीचे ठिकाण) कमावता असून त्याने (महिना, साल) पासून खर्च देणे बंद केले आहे. तरी मला त्याचेकडून दरमहा रुपये ... मिळावेत, तसेच निकाल होईपर्यंत अंतरिम खर्च मिळावा, ही विनंती."

शेवटची अंतरिम खर्चाची ओळ लोक हमखास विसरतात. ती असेल तर निकाल लागायच्या आधीही दरमहा काही रक्कम द्यायचा आदेश न्यायाधिकरणाला देता येतो. मुलाचा पत्ता अचूक लिहा. नोटीस पोचली नाही की तारखा वाढतात, म्हणून नोकरीचा पत्ताही द्या. सोबत वयाचा पुरावा, आश्रमाचा दाखला, पावत्या, औषधांची बिलं, पासबुकाच्या पानांच्या झेरॉक्स लावा. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एका कचेरीत आमचा अर्ज 'सापडत नाही' म्हणून सांगितलं गेलं होतं. पिशवीतून पोच काढून टेबलावर ठेवली तेव्हा तो त्याच दिवशी सापडला.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, खास कारण असेल तर आणखी ३० दिवस. मध्ये समेटासाठी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडं जाऊ शकतं. तिथं भावनेच्या भरात 'जाऊ दे, देईल तेवढं' म्हणू नका. समेट करा, पण आकडा, तारीख आणि बँक खातं लिहून घ्या. वकील लागत नाही. कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणात वकिलाला जागाच ठेवलेली नाही. काही उच्च न्यायालयांनी त्यावर वेगळं मत दिलंय, तरी ही वाट तुमच्यासारख्या माणसानं स्वतः चालावी म्हणूनच आखलेली आहे. बोलायला भीती वाटत असेल तर विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं चौकशी करा. कलम १८ प्रमाणे समाजकल्याण अधिकारी चरितार्थ अधिकारी म्हणून तुमची बाजू मांडू शकतात.

या कायद्यात दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळतात. आजच्या औषधांच्या किमती बघता हा आकडा अपुरा आहे, असं मला मनापासून वाटतं. ही मर्यादा काढून टाकणारं आणि आश्रमांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. दहा हजारांपेक्षा जास्त हवे असतील तर दुसरी वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची, म्हणजे जुन्या १२५ ची. तिथं रकमेला मर्यादा नाही, आई किंवा वडील राहतात त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, पण ते कोर्टाचं काम आहे आणि वेळ जास्त जातो. दोन्हीपैकी एकच निवडावी लागते.

आदेशाची प्रत फुकट मिळते. आदेशानंतर ३० दिवसांत मुलानं रक्कम भरायची असते. नाही भरली तर थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज द्या. वसुलीचं वॉरंट निघतं आणि तरीही पैसे आले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. हे तीन महिने चुकवू नका. आई थांबते, पोरगा पुढच्या महिन्यात देईल म्हणून, आणि मुदत निघून जाते. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा पातळीवरच्या अपील न्यायाधिकरणाकडं जाता येतं, त्याची चौकशी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. त्यापुढं उच्च न्यायालय. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. अंथरुणाला खिळलेल्या, भान हरपलेल्या माणसाच्या बँक खात्यासाठी पालक नेमून घ्यायचा असेल तरी घरचे उच्च न्यायालयातच जातात. अशा माणसानं शुद्धीत असताना दिलेलं मुखत्यारपत्र भान गेल्यावर चालत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

घर मुलाच्या नावे करून दिलं असेल तर

आता आक्कांच्या पिशवीतलं बक्षीसपत्र.

२००७ च्या याच कायद्याचं कलम २३ असं सांगतं: कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकानं बक्षीसपत्रानं किंवा इतर कोणत्या मार्गानं मालमत्ता दिली, ती सांभाळ करण्याच्या अटीवर दिली, आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं समजलं जाईल आणि देणाऱ्याच्या मागणीवरून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. गाडी अडते ती 'अटीवर' या शब्दापाशी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे सिद्ध झालं पाहिजे, नुसतं नातं पुरेसं नाही. मग २ जानेवारी २०२५ रोजी, मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात, त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू ज्येष्ठांच्या संरक्षणाचा आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा असं म्हटलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा आईला परत द्यायला लावला. तिच्याकडं दस्ताच्याच दिवशी मुलानं लिहून दिलेलं वचनपत्र होतं, तो कागद कामाला आला.

म्हणून आधी दस्त बाहेर काढा आणि पान न पान वाचा. 'लिहून घेणार यांनी सांभाळ करावयाचा आहे' अशा अर्थाचं वाक्य कुठं तरी सापडतं का बघा. आक्कांच्या दस्तात ते तिसऱ्या पानावर, चतुःसीमेच्या वर, एका ओळीत होतं. नऊ वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. दस्तात नसेल तर त्या काळातली चिठ्ठी, मोबाइलवरचे मेसेज, समक्ष असलेली माणसं गोळा करा. अर्जात स्पष्ट लिहा की मालमत्ता सांभाळाच्या अटीवर दिली होती आणि ती अट कोणत्या तारखेपासून मोडली. ही ओळ अर्जात नसेल तर पुढं काहीच उभं राहत नाही. हक्कसोडपत्रालाही हे कलम लावून मागता येतं.

अजून दस्त केला नसेल तर माझं ऐका, घाई करू नका. करायचाच असेल तर लेखनिकाला सांगून हे वाक्य घालून घ्या: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराचा खर्च तहहयात करावयाचा आहे. तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील." याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि मन बदललं तर बदलता येतं. जिवंतपणी घर तुमच्याच नावावर राहतं. साक्षीदार आश्रमाच्या व्यवस्थापनातले घेऊ नका. ओळखीचे डॉक्टर मिळाले तर उत्तम, शुद्धीबद्दल पुढं कुणी शंका काढत नाही.

घर अजून तुमच्या नावावर असेल तर आश्रमात आल्यानं मालकी जात नाही. वर्षातून एकदा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढून नाव तपासत जा. घरी परत जायचं असेल आणि मुलं आत घेत नसतील, तर न्यायाधिकरणाला घर खाली करून द्यायचा आदेशही देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मान्य केलं. मात्र त्या घरात सून राहत असेल तर तिचाही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवाऱ्याचा हक्क बघावा लागतो. तोही हक्कच आहे, त्याचा राग धरू नये.

आश्रमाविरुद्ध तक्रार

पहिला अर्ज आश्रमाच्या व्यवस्थापकाकडं, लेखी, तारखेसह. 'दिनांक १२ ते १८ सकाळचं इन्सुलिन दिलं नाही' असं लिहा. 'इथं नीट बघत नाहीत' यावर कुणालाच काही करता येत नाही. उत्तर नाही आलं तर ट्रस्ट असल्यास धर्मादाय कार्यालय, अनुदानित असल्यास समाजकल्याण.

पैसे घेऊन सेवा दिली नाही, अनामत अडकवली, कबूल केलेली मावशी ठेवली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, वकिलाची सक्ती नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं, दागिने किंवा पैसे काढून घेणं हे गुन्हे आहेत, तिथं थेट ११२. साठीच्या पुढच्या माणसाला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी तो राहतो तिथं यायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये तसं लिहिलंय. आई-वडिलांना कायमचं सोडून देण्याच्या इराद्यानं कुठंही टाकून जाणं हाही २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. फुकट वकील हवा असेल तर कसबा बावड्यातल्या न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. बायकांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते.

तक्रार केल्यावर आपल्यालाच त्रास देतील, ही भीती खरी असते. म्हणून एकट्यानं सही करण्यापेक्षा चौघांनी मिळून करा आणि एक प्रत बाहेरच्या माणसाकडं ठेवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

मतदार यादीत नाव आश्रमाच्या पत्त्यावर आणायला नमुना ८ भरा. २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्यांना नमुना १२ड भरून राहत्या जागी मत देता आलं. सत्तरीच्या पुढं उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. निराधारांनी ६५ नंतर तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करावा. सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी हे २००७ च्या कायद्यातच आहे, सीपीआरला गेलात तर ती विचारून घ्या.

पिशवीत काय असावं

मूळ कागद एका ठिकाणी, झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या ठिकाणी. भाची, जुनी शेजारीण, बँकेतला ओळखीचा कर्मचारी, ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्याकडं. एका पानावर तारीखवार नोंदी: कधी आलो, किती भरले, कोणता अर्ज कधी दिला. त्याच पानावर रक्तगट, चालू औषधं, आणि गेल्यावर कुणाला कळवायचं, अग्नी कुणी द्यायचा, हेही. बँकेत नॉमिनी म्हणून लावलेलं नाव तपासा. नॉमिनी फक्त पैसे उचलून खऱ्या वारसांना द्यायला असतो. तिथं आश्रमातल्या कुणाचं नाव घालू नका.

आक्कांचा अर्ज गेला तेव्हा त्या स्वतः आल्या होत्या, व्हीलचेअरवर. शिक्का मारलेली प्रत हातात दिल्यावर त्यांनी ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ह्यावर तारीख कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवली. मग त्यांनी तो कागद घडी न घालता पिशवीत सगळ्यात वर ठेवला, बक्षीसपत्राच्या वर.